न लागलेली पाठ

मच्छिंद्र दौंडला आला तेव्हा त्याला पाठीवर पडता येत नव्हते. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून आधी खुलासा करतो.

१९९३ साली आयटीआयला प्रवेश मिळाला म्हणून तो मांडवगण फराट्याहून आपल्या मावशीकडे, सिंधूबाईंकडे, रेल्वे कॉलनीत राहायला आला. वय सोळा, उंची बेताची, मान खांद्यांत रुतलेली. त्याचे वडील दगडोबा यांची गावात तालीम होती. सगळा परिसर त्यांना वस्ताद म्हणत असे. चालता येऊ लागल्यापासून हा मुलगा त्या तालमीच्या तांबड्या मातीत लोळला होता. कुस्तीगिराच्या अंगात एक गोष्ट हाडापर्यंत मुरलेली असते. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की कुस्ती गेली. त्यामुळे मच्छिंद्रला कोणत्याही बाजूने ढकलले तरी तो पडता पडता वळायचा आणि पोटावर उतरायचा.

मी तेव्हा रेल्वेच्या सिग्नल विभागात होतो आणि संध्याकाळी कॉलनीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये जुजुत्सूचा वर्ग चालवत होतो. बाद झालेल्या डब्यांच्या बर्थमधला फोम, त्यावर ताणून बसवलेली ताडपत्री, ही आमची गादी. जुजुत्सूत पाठीवर पडणे म्हणजे हार नव्हे. खालचा माणूस वरच्याला दोन्ही पायांच्या विळख्यात धरतो, तेथून त्याचा हात कोपरात ताणून कुलूप लावतो किंवा गळ्याला फास घालतो. ज्याला सोसत नाही तो हाताने दोन थापा मारतो आणि झुंज तिथेच थांबते. पोटावर वळणाऱ्याची मात्र धडगत नसते, कारण त्याची मान उघडी पडते आणि मागच्याचा हात तिच्याभोवती सहज जातो. म्हणजे मातीत मच्छिंद्रचा जो सर्वांत मोठा गुण होता, तोच गादीवर त्याचा सर्वांत मोठा दोष ठरत होता.

"वळलास का पुन्हा?" मी विचारायचो.

"म्या न्हाई वळलो सर. अंग वळलं."

हे उत्तर त्याने इतक्या प्रामाणिकपणे दिले होते की मी त्याच्यावर पुढे कधी चिडलो नाही. अंग वळत असेल तर अंगाला शिकवावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ होता. आमच्या कामात इंटरलॉकिंग नावाची व्यवस्था असते. रुळांचा सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलचा दांडा ओढलाच जात नाही. माणसाने चूक करायची म्हटली तरी यंत्र करू देत नाही. मी मच्छिंद्रच्या शरीरात तशी व्यवस्था बसवायला घेतली. रोज चाळीस वेळा पाडायचे, चाळीस वेळा पायांचा विळखा बसला का ते बघायचे, वळला की वहीत फुली मारायची. अकरा महिन्यांनी एका दिवसाचे पान कोरे राहिले.

त्यानंतरची दहा वर्षे सांगायला सोपी आहेत. १९९८ ते २००३ या काळात तो आपल्या वजनगटात चार वेळा राष्ट्रीय विजेता झाला. चारही अंतिम लढती त्याने पाठीवर पडून जिंकल्या. पदकांनी भिंतीवरचा खिळा वाकला, पण नोकरी लागली नाही. खेळाडूंच्या राखीव जागांसाठी ज्या खेळांची यादी असते, तिच्यात जुजुत्सू नव्हते. मी सतरा अर्ज टाइप केले. सतरापैकी पाच ठिकाणांहून उत्तरे आली आणि पाचही उत्तरांत ज्यूदो असेल तर कळवा, असे लिहिले होते. मच्छिंद्र कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटी पहारेकरी झाला. वरवंडच्या शितलशी त्याचे लग्न झाले. दुपारपाळी नसली की तो सायकलने शेडवर यायचा आणि गणवेश खिळ्याला टांगून गादीवर उतरायचा.

दगडोबा वस्ताद यांतल्या एकाही स्पर्धेला आले नाहीत. एकदा वर्तमानपत्रात मच्छिंद्रचा फोटो आला. तो खाली, प्रतिस्पर्धी वर, आणि खाली ओळ: विजेता मच्छिंद्र. त्याने तो अंक मोठ्या हौसेने गावी नेला. वस्तादांनी चष्मा लावून फोटो बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला.

"ह्यातला खालचा जितला व्हय?"

"व्हय आबा."

"मग वरच्यानं काय केलं आसतं म्हंजी त्यो जितला आसता? आनखी कुठं चढला आसता?"

घरातले सगळे हसले. मच्छिंद्रही हसला. अंक घडी घालून परत आणला, आणि पुन्हा कधी गावी काही दाखवायला नेले नाही.

२००५ साली पुण्यात ज्ञानेश नावाच्या एका तरुण आयोजकाने संमिश्र झुंजी भरवायला सुरुवात केली. जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात. ठोसे, लाथा, कुस्ती, कुलुपे, सारे चालते. मच्छिंद्रने वर्षभरात अशा चार झुंजी केल्या आणि चारही जिंकल्या. मे २००६ ला पाचवी ठरली. हरयाणाकडचा एक धिप्पाड झुंजार समोर होता. जिंकेल त्याच्याशी परदेशात लढण्याचा तीन वर्षांचा करार होणार होता आणि ज्ञानेशने तो कागद आम्हाला आधीच दाखवला होता. मच्छिंद्रला एकोणतीस वर्षे पूर्ण होत आली होती.

"सर, ह्याच्यापुढं मला कुनी इचारनार न्हाई," तो म्हणाला. "गेलं तर जन्मभर गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं."

मी मान हलवली. त्यात खोटे काही नव्हते.

मार्चमध्ये दगडोबा वस्ताद स्वतः दौंडला आले. फेटा, धोतर, हातात पिशवीभर वांगी. तेरा वर्षांत ते प्रथमच शेडमध्ये पाऊल ठेवत होते. गादीला त्यांनी पायाच्या अंगठ्याने दाबून पाहिले.

"मऊ हाय."

"मान मोडू नये म्हणून, वस्ताद."

"आमच्याकडं मान मोडू न्हाई म्हनून मान कमावत्यात." मग ते मुद्द्यावर आले. "सायेब, यंदाच्या जत्रंत पोराला हगाम्यात उतरवा. दर साली गाव इचारतं, वस्तादाचं पोरगं कुठं हाय, काय करतं. म्या काय सांगू? पिंजऱ्यात आसतं म्हनून सांगू?"

हगामा म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांचा फड. मच्छिंद्र लगेच म्हणाला, "सर, नको. गावात नको."

त्याचे ऐकायला हवे होते. मी ऐकले नाही. एका म्हाताऱ्या माणसाला आपल्या मुलाची विद्या एकदा डोळ्यांनी दिसावी, असे मला वाटले. हे कारण मी तेव्हा सांगितले. माझी विद्याही त्यांना दिसावी, असे वाटत होते. हे कारण मी सांगितले नाही.

मी काम पद्धतशीरपणे केले. अर्ध्या पानाची नियमावली टाइप केली. सात कलमे होती. तिसरे कलम असे: कोणत्याही मल्लाची पाठ जमिनीस लागल्यास तो पराभव धरला जाणार नाही. गावी जाऊन जत्रा समितीच्या पाचही पंचांना ते वाचून दाखवले. समोरच्या मल्लाच्या वस्तादालाही दाखवले. सगळ्यांनी सह्या केल्या, एकाने अंगठा दिला. कार्बनची प्रत माझ्या खिशात होती. सह्या झाल्या म्हणजे नियम झाला, असे मला माझ्या शिक्षणाने शिकवले होते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फड भरला. पाच-सहा हजार माणूस होता. झाडांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, शाळेच्या छपरावर. हलगी कडाडत होती. मच्छिंद्रची कुस्ती शेवटून दुसरी. समोर घोडनदीच्या काठचा एक दणकट पोरगा होता. सलामी झाली, पकड झाली, आणि दुसऱ्याच मिनिटाला मच्छिंद्र शिकवल्याप्रमाणे मागे बसला, पाठीवर गेला, आणि त्याने त्या पोराला पायांत घेतले.

हलगी एकदम टिपेला पोचली. फेटे उडाले. शेकडो माणसे आखाड्यात घुसली. पंचांनी त्या पोराचा हात वर केला. त्याचा एकच हात वर करता आला, कारण दुसरा मच्छिंद्रच्या कुलपात होता आणि पोरगा "सोड, सोड" म्हणून ओरडत होता. ते ओरडणे माझ्याशिवाय कोणी ऐकले नाही. मच्छिंद्रने कुलूप सोडले आणि तो उठून उभा राहिला. पाठीला लागलेली तांबडी माती सगळ्या गावाला दिसत होती.

"वस्तादाचं पोरगं दौंडला जाऊन झोपायला शिकलं रं!" ट्रॉलीवरून एक जण ओरडला.

"रेल्वेत बर्थ मिळाला आसंल!"

"आरं, चादर आना! चादर!"

मी गर्दीतून वाट काढत मुख्य पंचांपर्यंत गेलो आणि खिशातला कागद उघडून त्यांच्यापुढे धरला. पांढऱ्या मिशांचे समंजस गृहस्थ होते. त्यांनी कागदाकडे बघितलेही नाही.

"सायेब, कागद बराबर हाय. सही माझीच हाय. पन ह्या पाच हजार मानसांस्नी पाठ दिसली. त्यास्नी आता कागद वाचून दावू का?"

दगडोबा वस्ताद मंडपातल्या पहिल्या रांगेत होते. ते उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला, आणि कोणाकडे न बघता घराकडे चालू लागले. संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा मच्छिंद्रच्या आईने, अनसाबाईंनी, आम्हाला ताटे वाढली. "जेवून घ्या. त्यांचं काय मनावर घिऊ नगा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. वस्ताद ओसरीवर पाठमोरे बसले होते. पाठमोरेच बोलले.

"तीस साल तालीम चालवली. परमुलखातल्या पोरांच्या पाठी सांभाळल्या म्या. घरच्याची तेवढी ऱ्हायली."

मच्छिंद्रने घास खाली ठेवला आणि हात धुतला.

तिसऱ्या दिवशी तो शेडवर आला. मी त्याला पाडले. तो वळला आणि पोटावर पडला.  पुन्हा पाडले, पुन्हा वळला.

"अंग वळतंय सर," तो म्हणाला.

झुंजीला सहा आठवडे होते. मी नवी वही काढली. पहिल्या आठवड्यात चाळीसपैकी बारा फुल्या. दुसऱ्यात नऊ. चौथ्यात पाच. शेवटच्या आठवड्यात तीन. मी वही मिटली आणि ज्ञानेशला फोन करून कळवले की मुलगा तयार आहे. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जो सिग्नल चाळीस वेळा ओढल्यावर तीन वेळा चुकीचा पडतो, तो मी नोकरीत एक तासही चालू ठेवला नसता. त्यावर फुली लावून वाहतूक थांबवली असती. नियमच तसा होता. माणसाच्या बाबतीत मी तीन हा आकडा थोडा आहे असे मानले, कारण करार समोर दिसत होता आणि तो मलाही हवा होता.

झुंज पुण्यातल्या एका बंदिस्त सभागृहात, संध्याकाळी सहाला होती. मच्छिंद्र हातांना पट्ट्या बांधत असताना बाहेरून हलगीचा आवाज आला. त्याने हात तसाच धरला.

"सर, कुनाला बोलावलंय?"

मी कोणालाही बोलावले नव्हते. बाहेर जाऊन पाहिले तर मांडवगणच्या दोन जीप उभ्या होत्या आणि दगडोबा वस्ताद उतरत होते. ज्ञानेश त्यांना हात देत होता.

"मीच गाड्या पाठवल्या, सर," तो उत्साहाने म्हणाला. "गावाकडची माणसं जीव तोडून ओरडतात. कॅमेऱ्यात फार छान दिसतं."

"मला विचारायचं होतं."

"अहो, वडील आहेत त्याचे! त्यात काय विचारायचं?"

मी आत वळलो. वस्तादांना जाळीला लागूनच, पहिल्या रांगेत बसवले होते.

पहिली फेरी मच्छिंद्रने उभ्यानेच काढली. ओठ फुटला, पण गुण बरोबरीचे राहिले. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर हरयाणाच्या झुंजाराने त्याला कमरेत धरून जाळीवर रेटले आणि खाली आणले. मच्छिंद्र पडला तो आमच्या बाजूला, वस्तादांपासून चार हातांवर. पायांचा विळखा बसला. मी श्वास सोडला. त्याचा उजवा खांदा गादीवर होता, डावा जाळीला टेकून वर अडकला होता. आणि त्या गडबडीत समोरच्याने आपला उजवा हात सरळ केला. मच्छिंद्रने तो दोन्ही हातांनी धरला. आता एकच हालचाल बाकी होती. कंबर फिरवायची आणि डावा खांदाही गादीवर आणायचा. दोन्ही खांदे टेकले की कुलूप पुरे होणार होते. हे मी त्याच्याकडून हजारो वेळा करून घेतले होते. दोन सेकंदांचे काम.

"खांदा खाली!" मी ओरडलो.

त्याच क्षणी जाळीच्या पलीकडून आवाज आला. "मच्छ्या, पाठ! पाठ लागतीया, पाठ!" आणि मागून तीस माणसांचा एकच गजर, "पाठ! पाठ!"

मच्छिंद्रने मान वळवून बघितले. माझ्याकडे नव्हे. त्याने धरलेला हात सुटला, पाय सुटले, आणि तो विजेच्या वेगाने वळून पोटावर आला. कुस्तीच्या दृष्टीने ते वळणे इतके देखणे होते की गाववाले टाळ्या वाजवत उठले. टाळ्या चालू असतानाच मागच्याचा हात त्याच्या हनुवटीखालून गेला. मच्छिंद्रने गादीवर दोन थापा मारल्या.

पंचाने झुंज थांबवली तेव्हा गावाला काय झाले ते कळेना.

"आरं, सोडवलं कशापाई? पाठ कुठं लागली व्हती?"

"रागानं भुई बडवली पोरानं, बघितलं न्हवं!"

"ह्यो पंच फोडलेला हाय!"

त्या ओरड्यात करारावर दुसऱ्याची सही झाली. ज्ञानेश मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सर, हातात आलेली झुंज त्याने सोडली. का सोडली ते तुम्हालाच ठाऊक. पण अशा माणसाला मी बाहेर नेऊ शकत नाही." मच्छिंद्र बाकावर बसून पट्ट्या सोडवत होता. त्याने ते ऐकले आणि पट्टी नीट गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

पुढच्या रविवारी मांडवगणला तालमीपुढे त्याचा सत्कार ठेवला होता. मलाही बोलावणे होते. मी गेलो नसतो, पण मच्छिंद्रने एसटीडी बूथवरून फोन केला होता. गावी पोचलो तेव्हा तो तालमीच्या आतल्या खोलीत एकटा उभा होता.

"सर, तुम्हाला बोलायला सांगतील," तो म्हणाला. "खरं सांगा. म्या हात आपटला म्हनून सांगा. हारलो म्हनून सांगा. हात माझ्या हातात आला व्हता आन् म्या सोडला, ते बी सांगा. माझं कुनी ऐकत न्हाई. म्हनत्यात, तू गप, तुला पंचानं गंडवलाय."

"वस्तादांसमोर?"

"त्यांच्यासमूरच. त्यास्नी कळाया पायजे, काय गेलं माझं ते."

मी होकार दिला.

बाहेर मांडव घातला होता. हलगी, गुलाल, प्लास्टिकच्या खुर्च्या. जत्रेत चादर मागणारा तोच माणूस पुढच्या रांगेत हार घेऊन बसला होता. दगडोबा वस्तादांनी माइक हातात घेतला. त्यांना माइकची सवय नव्हती. ते त्याच्यापासून लांब उभे राहून मोठ्याने बोलत होते.

"मंडळी, चैत्रात माझी मान खाली गेली व्हती. तुमी समद्यांनी बघितलंय. पन परवा पुन्यात, केवढा थोरला गडी अंगावर हुता, तरी पोरानं पाठ लागू दिली न्हाई. पंचानं काय का निकाल देईना. तालमीचं नाव राखलं त्यानं."  त्यांनी टॉवेलने तोंड पुसले आणि माइक माझ्यापुढे धरला. "ह्यो सायेब शिकल्याला मानूस हाय, ह्यो खोटं बोलनार न्हाई. सांगा सायेब, लागली का माझ्या पोराची पाठ?"

मी उभा राहिलो. वाक्ये तयार होती. बसमध्ये जुळवत आलो होतो. आधी थाप म्हणजे काय ते सांगायचे, मग हाताचे कुलूप, मग करार. वस्ताद माझ्या तोंडाकडे बघत होते. वय पंच्याहत्तर, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर मी तेरा वर्षांत न पाहिलेला आनंद. शेजारी मच्छिंद्र उभा होता. तोही माझ्याकडेच बघत होता.

"नाही लागली," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

हलगी सुरू झाली. वस्तादांनी स्वतःच्या हातांनी मुलाच्या डोक्याला फेटा बांधला आणि सगळ्यांदेखत त्याला छातीशी धरले. मच्छिंद्रने डोके वाकवले होते. फेटा बांधायला सोपे जावे म्हणून असेल.

मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला तो आला. कपाळावर गुलाल होता. बस लांबून दिसू लागली.

"तेवढंच सांगितलं सर?" त्याने विचारले.

"जे विचारलं ते सांगितलं. खोटं नाही बोललो."

"व्हय," तो म्हणाला. "खोटं न्हाई."

त्याने माझी पिशवी बसमध्ये चढवली, कंडक्टरला 'सरांना खिडकीशी जागा द्या' म्हणून सांगितले, आणि बस हलायच्या आत वळून गेला. कारखान्याची नोकरी त्याने त्याच वर्षी सोडली. आता तो वडिलांच्या तालमीत पोरांना पडता पडता पोटावर कसे वळायचे ते शिकवतो. चांगला वस्ताद झाला आहे, असे सिंधूबाई सांगतात. दौंडच्या शेडवर तो पुन्हा आला नाही, आणि मीही त्याला बोलावणे पाठवले नाही.